पाणंद होती, अक्का

अक्का, तू गेलीस त्याला आज चोवीस दिवस झाले आणि मी अजून रडलेलो नाही. हे सुरुवातीलाच लिहून टाकतो, कारण हा तुझा ब्लॉग आहे आणि इथे खोटं चालत नाही. विमल रडली. सायली पुण्याहून आली ती कुडाळ स्टेशनपासून रडतच आली. मी आपली कामं करत राहिलो. लाकडं सांगितली, खुर्च्या आणल्या, खुर्च्या परत पोचवल्या. तिसऱ्या दिवशी मृत्यूची नोंद करायला ग्रामपंचायतीत गेलो. ग्रामसेवकांनी नाव विचारलं, वय विचारलं, आणि मग म्हणाले, "धर्म?"

सगळी नोकरी तहसील कचेरीत टंकलेखक म्हणून केली, लोकांचे रकाने भरण्यात जन्म गेला, आणि सख्ख्या बहिणीचा एक रकाना मला भरता येईना.

"क्वेकर," मी म्हटलं.

"काय?"

"क्वेकर. क ला व जोडलेला."

त्यांनी संगणकात बराच वेळ शोधलं. "काका, असा काय हय नाय. 'इतर' टाकू?"

"टाका."

तर सरकारदरबारी तू 'इतर' आहेस. तुला हसू आलं असतं. मला आलं नाही. दाखला घेतला, पिशवीत घातला आणि येताना मीठ घेऊन आलो, कारण विमलने मीठ सांगितलं होतं.

इथे येणारे अकरा-बारा लोक तुला ओळखतात. पण तूच म्हणायचीस, दर खेपेला दारात कोणीतरी नवीन माणूस आलाय असं समजून लिही. म्हणून लिहितो. तू नर्स होतीस. नर्मदेकाठच्या एका इस्पितळात तू एकतीस वर्षं काढलीस, तिथल्या क्वेकर मंडळींबरोबर, म्हणजे गप्प बसून प्रार्थना करणाऱ्या एका ख्रिस्ती पंथाच्या लोकांबरोबर, रविवारी बसायला लागलीस आणि त्यांच्यातलीच झालीस. ते कळवणारं तुझं पत्र बाबांनी पडवीत बसून मोठ्याने वाचलं आणि म्हणाले, "चेडू किरिस्तांव झाला." म्हणजे पोरगी ख्रिस्ती झाली. पत्राची घडी घातली आणि जेवायला बसले. त्यांनी तुला घरातून तोडलं नाही, पण तो विषय तोडला. निवृत्त होऊन तू परत आलीस तेव्हा बाबा नव्हते. कर्लीच्या खाडीकाठच्या या घरात मी आणि माझी बायको विमल होतो, आमची लेक सायली पुण्याला. तू पश्चिमेकडची खोली घेतलीस आणि दर रविवारी दहा वाजता पडवीतल्या खुर्चीवर तासभर गप्प बसायला लागलीस.

लोक विचारायचे. कसालच्या बाजारात, रेशनच्या रांगेत, वालावलच्या जत्रेत. "तुमचो देव खंयचो गो?" तू दर वेळी उभी राहून नीट उत्तर द्यायचीस. एकदा अशाच एका बाईला उत्तर देता देता तुझी एसटी चुकली. उन्हातून चालत घरी आलीस, पाणी प्यालीस आणि म्हणालीस, "वसंता, ह्या एकदाच लिवून ठेवूया. मगे विचारणाऱ्याक सांगता येयत, थय वाच म्हणान."

तुझ्या हाताला कंप होता. म्हणून टाइप करायचं काम माझ्याकडे आलं. सायलीने फोनवर सांगत सांगत एका दुपारी ब्लॉग उघडून दिला. नाव काय देऊ म्हणाली. तू म्हणालीस, "रविवारी दहा वाजता."

"आत्या, यावरून कोणाला काय कळणार?"

"जो येईल त्याला कळेल ना."

पहिलाच लेख. तू सांगितलंस आणि मी कचेरीच्या सवयीने टाइप केलं : 'सदर पंथामध्ये पुरोहितांची तरतूद नाही.' तू चष्मा लावून वाचलंस.

"तरतूद कसली रे? रस्तो बांधतस काय? भटजी नाय, पाद्री नाय, इतक्याच लिही. आणि ता 'सदर' काढ."

'सदर' काढलं. 'उपरोक्त' काढलं. 'याद्वारे' काढलं. नोकरीत मी जे काही शिकलो होतो ते सगळं तू महिनाभरात काढून टाकलंस. मी चिडायचो. पण खरं सांगतो, त्या महिन्याआधी मला मराठी लिहिता येत नव्हतं, नुसतं टाइप करता येत होतं.

लेखात काय असायचं? बंदरावरची मासेवाली "बांगडो ताजो आसा मां?" म्हणून विचारते तेव्हा "नाही" कसं सांगावं आणि तरी तिच्याकडूनच कसा घ्यावा. शेजारच्या गणपतीला जाऊन आरतीत हात न जोडता उभं राहिलं तर कोणाला वाईट वाटतं आणि कोणाला नाही. 'तू' आणि 'तुम्ही' वरचा तुझा लेख सायलीने सगळ्यांना पाठवला होता. तू प्रांतसाहेबांना 'तुम्ही' म्हणायचीस आणि गटार काढायला येणाऱ्या पार्वतीलाही 'तुम्ही' म्हणायचीस, आणि पार्वतीने पहिल्यांदा मागे वळून पाहिलं होतं, दुसरं कोण आलंय म्हणून. आख्ख्या गावात 'तू' फक्त मला होतं.

एकदाच तू मला विचारलं होतंस. रविवार होता, दहाला पाच कमी. तू खुर्ची सारखी करत होतीस. "बसतस?"

"काजी वाळत घातलंय," मी म्हटलं. काजू वाळत होते हे खरं होतं. पण ते माझ्यावाचूनही वाळले असते. तू परत विचारलं नाहीस. एखादी गोष्ट दुसऱ्यांदा विचारायची तुझी पद्धत नव्हती.

आता पाणंदीचं.

आपल्या काजूच्या बागेतून खाडीवर उतरणारी पाणंद मी चिरे लावून बंद केली. वरच्या अंगाला मनोहरचं घर. त्याला खाडीवर जायला लांबून वळसा पडायला लागला. तो भांडायला आला, मी ऐकलं नाही. त्याने तहसीलदारांकडे अर्ज केला आणि साक्षीदार म्हणून तुझं नाव दिलं. माझ्याच घरातल्या माणसाचं. गावात सगळ्यांना ठाऊक होतं की तू खोटं बोलणार नाहीस, आणि मनोहरने त्याचाच उपयोग केला.

आदल्या दिवशी मी तुझ्या खोलीत आलो. तू गाद्यांना अभ्रे घालत होतीस.

"तू तिकडे एकतीस वर्षां हुतंस," मी म्हटलं. "आठवत नाय म्हणान सांग. कोण काय म्हणूचो नाय."

"पण माका आठवता रे."

"घर माझा आसा की मनोहरचा?"

"घर तुझा. पाणंद खंय तुझी?"

"भाव म्हणान काय हा की नाय?"

तू अभ्रा खाली ठेवलास. "भाव आसस म्हणान आज सांगतंय. उद्या थय ऐकलंस तर जास्त लागात."

सुनावणी माझ्याच जुन्या कचेरीत. माझा जबाब आधी झाला. मी शपथ घेतली आणि सांगितलं, माझ्या आठवणीत तिथे पाणंद नाही. मग तुला बोलावलं. कारकून म्हणाला, ईश्वरसाक्ष शपथ घ्या. तू म्हणालीस, "शपथ घेणार नाही. आता शपथ घेऊन खरं बोलले तर एरवी खोटं बोलते असा अर्थ होईल." खोलीत कोणीतरी हसलं. साहेब सभ्य माणूस होता. कायद्यात शपथेऐवजी नुसतं कथन करायची सोय आहे असं त्याने कारकुनाला सांगितलं आणि तुला बोलायला सांगितलं.

तू म्हणालीस, "पाणंद होती. लहानपणी आम्ही दोघं बाबांची पेज घेऊन त्याच वाटेने खाडीवर जायचो."

"दोघं म्हणजे कोण?" साहेबाने विचारलं.

"मी आणि वसंत."

साहेबाने माझ्याकडे पाहिलं. फार नाही, एकदाच. ज्या खोलीत मी इतकी वर्षं मान खाली घालून टाइप केलं, त्याच खोलीत.

मनोहरने पुढे विचारलं, बैलगाडी जायची ना तिथून? त्याला टेम्पो न्यायचा होता. तू म्हणालीस, "नाही. डोक्यावर भारा घेऊन एक माणूस जाईल एवढीच होती." तेवढीच मोकळी करायचा हुकूम झाला. मी चिरे काढले. मनोहरलाही हवं होतं ते मिळालं नाही.

इथवरचं गावाला माहीत आहे. पुढचं मी केलं, ते लिहितो.

मी लोकांना सांगायला लागलो की अक्काला वयामुळे गोंधळ होतो. दुकानात सांगितलं, देवळात सांगितलं. तिकडचं इकडचं मिसळतं तिच्या डोक्यात, म्हटलं. सायलीलाही फोनवर तेच सांगितलं. तिला काळजी वाटली. चतुर्थीला आली आणि तुला सावंतवाडीला एका डॉक्टरांकडे घेऊन गेली. तू गेलीस. तुला कशासाठी नेतायत हे तुला कळलं होतं आणि तसं कोणी सांगितलं हेही कळलं होतं. सायलीने विचारलं असतं तर तू खरं सांगितलं असतंस. तिने विचारलं नाही, आणि तू आपणहून माझं नाव घेतलं नाहीस.

मी त्या दिवसांत तुझ्याशी बोलत नव्हतो. चतुर्थीपासून शिमग्यापर्यंत बोललो नाही. एका घरात, एका पंगतीत. पण ब्लॉगचं काम थांबलं नाही. ते का, हे मला आजही सांगता येत नाही. रविवारी अकराला तू उठून आत यायचीस, मी संगणक लावून बसलेला असायचो. तू सांगायचीस, मी टाइप करायचो. तू सावंतवाडीहून आलीस त्याच्या नंतरच्या रविवारी सांगितलंस, "लिही. डॉक्टरांनी मला आजचा वार विचारला. मग शंभरातून सात, त्यातून सात, असं वजा करायला सांगितलं. मी दोनपर्यंत गेले. ते म्हणाले, पुरे. डॉक्टर तरुण होते आणि फार हळू बोलत होते. हळू बोलणाऱ्या माणसापुढे बसायला बरं वाटतं." मी एकेक अक्षर टाइप केलं. बोटं थांबली नाहीत. तू माझ्या शेजारी बसली होतीस आणि तुझ्या साडीला भाजलेल्या सुरमईचा वास येत होता. मी मान वर केली नाही.

तो लेख अजून इथे आहे. खाली कोणीतरी लिहिलंय, 'किती शांत लिहिता तुम्ही.'

आपला अबोला संपला तो कसा, तर विमल माहेरी गेली होती आणि मला काडेपेटी सापडत नव्हती. "काडेपेटी खंय आसा?" मी विचारलं. "फळयेर," फळीकडे हात करून तू म्हणालीस. एवढंच. सहा-सात महिन्यांनंतर माणसं काय बोलतात, तर हे.

त्यानंतर दोन रविवारांनी तू म्हणालीस, "आता पाणंदीचा लिवया."

"नाय."

"कित्याक?"

"लोक वाचतले."

"अकरा जणा."

"त्येतली एक सायली आसा."

तू चष्मा पुसलास. मग म्हणालीस, "तुझ्याबद्दल आसा ता. तू होय म्हणशीत तेवां." आणि कुळथाच्या पिठीबद्दल लिहायला सांगितलंस.

मी होय म्हणणार होतो का? मला वाटतं, नाही. तू आणखी दहा वर्षं जगली असतीस तरी नाही. तू दुपारी जेवलीस, आडवी झालीस आणि चहाला उठली नाहीस, म्हणून आज मी हे लिहू शकतो. हे किती वाईट आहे ते मला कळतं. कळतं, पण आत काही हलत नाही. पायाला मुंग्या आल्यावर कसं होतं, पाय आपलाच असतो, टेकवला तरी जमीन लागत नाही, तसं चाललंय.

तू सांगून ठेवलं होतंस, जाळा की पुरा, "तुमका सोयीचा पडात ता करा." आम्ही स्मशानात नेलं. दहाव्याला विमलने परसात पान वाढलं. मी अडवलं नाही. तूही अडवलं नसतंस. पण रविवारी दहा वाजता पडवीत बसायचं, हे मी ठरवलं आणि वाडीत सांगितलं. वीसेक माणसं आली. मी म्हटलं, अक्का बसायची तसं तासभर बसूया, कोणाला आतून काही बोलावंसं वाटलं तर उठून बोलावं, नाहीतर नको. भजनी बुवा पेटीला हात लावायला निघाले होते, त्यांनी हात मागे घेतला.

गप्प बसणं किती अवघड आहे गो. लोक खोकत होते, पाय बदलत होते. कोणाचा फोन वाजला. पहिली वीस मिनिटं मी फक्त समोरच्या चपला बघत होतो. सगळ्या वाकड्यातिकड्या पडलेल्या.

मग मनोहर उठला. त्याला बोलायची सवय नाही, तो भिंतीकडे बघून बोलला. "लोक म्हणतत, अक्कान माझ्या बाजून साक्ष दिल्यान. माझ्या बाजून नाय दिल्यान. माका टेम्पोचो रस्तो होयो हुतो, तिना नाय म्हणान सांगल्यान. मी रागान दोन महिने तिच्याशी बोलाक नाय. तरी ती रोज येय. माझ्या आवशीच्या पायाची जखम धुवक. एक दिवस चुकवल्यान नाय." आणि तो खाली बसला.

तू त्याच्या आईची जखम धुवायला जात होतीस, हे मला माहीत नव्हतं. तू रोज सकाळी तासभर बाहेर जायचीस, मला वाटायचं फिरायला. मी विचारलं नव्हतं, कारण मी बोलतच नव्हतो.

मी कधी उठलो ते आठवत नाही. उभा होतो हे आठवतं. "पाणंद हुती," मी म्हटलं. "माका ठावक हुता. अक्काची याद बरी हुती, शेवटपर्यंत. मी खोटा बोल्लंय. कचेरीत पण, आणि तुमच्याकडे पण."

कोणीच काही म्हणालं नाही. म्हणायचं नसतंच ना तुमच्यात. बोलून झालं आणि मी बसलो. सायली विमलच्या बाजूला बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मग मांडीवरच्या आपल्या हातांकडे पाहत राहिली.

संपवायचं कसं हे मला ठाऊक नव्हतं. घड्याळात अकरा होऊन गेले तरी सगळे बसूनच. शेवटी विमलने बाजूच्या पार्वतीचा हात हातात घेतला आणि हलवला. तू कधीतरी तिला सांगितलं असशील, तास संपला की शेजाऱ्याचा हात हातात घ्यायचा. मग हळूहळू सगळ्यांनी घेतले. बायका हसायला लागल्या. माझा हात मनोहरने धरला. त्याचा हात खरखरीत होता आणि तो लगेच सोडून चहाला गेला.

सगळे गेल्यावर सायली माझ्यापाशी आली. "बाबा, मी तिला डॉक्टरकडे नेलं," ती म्हणाली. "शंभरातून सात वजा करायला लावले तिला." एवढंच म्हणाली. पुण्याला जाईपर्यंत दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. ही रीत घरात मीच आणली, तेव्हा तक्रार कोणाकडे करू? चार दिवसांनी तिचा फोन आला. आधी विमलशी बोलली, मग मला फोन द्यायला सांगितला. म्हणाली, "आत्याच्या ब्लॉगवर लिहा ते. पडवीत बोललात, पण तिथे बाहेरचं कोणी नव्हतं." मी होय म्हटलं. तुला म्हणायला हवं होतं ते तिला म्हटलं.

लिहायला बसलो आणि आधी आलेल्या प्रतिक्रिया बघितल्या. सावंतवाडीच्या एका शिक्षिकेने विचारलं होतं, तिला तू गेल्याचं माहीत नव्हतं. 'अक्का, मी गेलं वर्षभर तुमचं वाचते आहे. एखाद्या रविवारी तुमच्याकडे येऊन बसले तर चालेल का?'

उत्तर लिहायला मला दोन दिवस लागले. पहिल्यांदा लिहिलं ते कचेरीतल्या पत्रासारखं झालं, ते काढलं. दुसऱ्यांदा लिहिलं त्यात मी फार चांगला माणूस वाटत होतो, तेही काढलं. शेवटी लिहिलं : 'अक्का गेली. मी तिचा भाऊ. मी क्वेकर नाही आणि मला यातलं काही कळत नाही. रविवारी दहाला आम्ही नवरा-बायको घरी असतो. कुडाळहून सव्वाआठची एसटी मिळते.'

काल ती आली. मध्यम वयाची, सुती साडी, हातात छत्री. फारसं काही विचारलं नाही तिने. तुझी खुर्ची कुठली तेही विचारलं नाही, पाहिली त्या खुर्चीवर बसली. विमल बसली, मी बसलो. खाडीवरून वारा येत होता. पाणंदीने दोघंतिघं गळाच्या काठ्या घेऊन खाली गेली, त्यांचं बोलणं थोडा वेळ ऐकू आलं आणि मग तेही थांबलं. अकरा वाजता आम्ही एकमेकांचे हात धरले. ती म्हणाली, तिला बरं वाटलं. आणि मग तिने मला विचारलं, "तुम्हाला?"

अक्का, तिला बरं वाटावं म्हणून काहीतरी सांगणं सोपं होतं.

"मला काहीच वाटलं नाही," मी म्हटलं. "पण बसलो."

ती म्हणाली, "मग मी पुढच्या रविवारी येते."